सामाईक कपाट : पटवाऱ्याच्या दप्तरापासून संगणकाच्या जाळ्यापर्यंत



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दर्यापूर तालुक्यातल्या एका शाळेच्या कचेरीत मी बसलो होतो. कचेरीत तीन संगणक होते. एक मुख्याध्यापकांपुढे, एक बाबूंच्या टेबलावर आणि एक खिडकीजवळ शिक्षकांसाठी. शाळेची मुलांची यादी तिन्ही संगणकांवर होती. कोणीतरी ती एकावरून दुसऱ्यावर नेली होती, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. एवढ्यात एक शेतकरी हातात दोन कागद घेऊन दारात उभा राहिला. एका कागदावर त्याच्या मुलीची जन्मतारीख जूनमधली होती, दुसऱ्यावर जुलैमधली. दोन्ही कागद त्याच शाळेने दिलेले, दोहोंवर शिक्का तोच. तो शांतपणे म्हणाला, "गुरुजी, माही पोरगी एकच हाये. मंग तिचा जन्म दोनदा काहून झाला?"

कचेरीतले सगळे हसले. पण तो हसला नाही. त्याला शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता आणि मुदत संपायला दोन दिवस उरले होते.

चूक कोणा एकाची नव्हती. एका संगणकावर तारीख दुरुस्त झाली होती, दुसऱ्यावर जुनीच राहिली होती. नकला तीन, दुरुस्ती एकीवर. मग खरे कोणते? यावर उपाय आहे, आणि तो महागही नाही. तिन्ही संगणकांनी तीन वह्या ठेवण्याऐवजी एकाच वहीत पाहावे. इंग्रजीत ज्याला शेअर्ड नेटवर्क ड्राइव्ह म्हणतात, त्याला आपण सामाईक कपाट म्हणू. कपाट एका जागी, आणि त्याची दारे मात्र प्रत्येकाच्या टेबलावर. हे कपाट कसे आले, ते कसे जोडतात आणि त्याच्या किल्लीचा प्रश्न एवढा नाजूक का, हे आज सांगायचे आहे.

'सामाईक' हा शब्द मी मुद्दाम घेतला. तो आपल्या घरचा आहे. सामाईक बांध, सामाईक विहीर, सामाईक खाते हे शब्द सातबारा ज्याने एकदा तरी वाचला त्याला नवे नाहीत. विहीर चौघा भावांची असली म्हणजे पाणी सगळ्यांचे असते. पण पाळी ठरवावी लागते, आणि मोटर कोणी बिघडवली तर भरपाई कोणी करायची तेही ठरवावे लागते. ठरले नाही, तर पाण्याआधी भांडणच वर येते. संगणकाच्या सामाईक कपाटाचे सारे शास्त्र या विहिरीच्या काठावर शिकता येते.

आता थोडे मागे जाऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केले. पुढे कारभाराचे दोन भाग झाले. पूर्व वऱ्हाडाचे ठाणे अमरावती, पश्चिम वऱ्हाडाचे अकोला. १८६० नंतरच्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर इथल्या जमिनीची मोजणी सुरू झाली. तेहतीस फुटांची साखळी घेऊन मोजणीदार काळ्या रानातून फिरले. तेहतीस फूट लांब आणि तेहतीस फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा. असे चाळीस गुंठे झाले की एकर. प्रत्येक शेताला नंबर मिळाला, कोपऱ्यावर दगड रोवले गेले, गावाचा नकाशा तयार झाला आणि तीस वर्षांसाठी सारा ठरला. शेत कोणाचे, केवढे आणि त्यावर सारा किती, हे पहिल्यांदाच इतक्या बारकाईने कागदावर आले.

पण कागद कोणापाशी? गावचे दप्तर पटवाऱ्यापाशी असे. रुमालात बांधलेले, मोडी अक्षरातले ते दप्तर गावाचे होते खरे. पण ज्याला मोडी वाचता येई आणि ज्याच्या घरी ते गाठोडे असे, तोच त्याचा धनी. तालुक्याच्या कचेरीतही कागद होते. गावात फेरफार झाला आणि तालुक्याला तो पोचला नाही, तर दोन दप्तरे दोन गोष्टी बोलू लागत. एक भाऊ म्हणे, पटवाऱ्याकडे माझे नाव आहे. दुसरा म्हणे, तहसिलीत माझे आहे. अशा तंट्यात कोर्टकचेरी करताना किती जोड्या बैल विकले गेले असतील, ते बाजारालाच ठाऊक. आपल्या त्या शेतकऱ्याच्या मुलीचा जन्म दोनदा झाला, तसाच हा प्रकार. नकला दोन झाल्या की खरेपणाचेही दोन तुकडे होतात.

याच काळात वऱ्हाडात दुसरी एक रीत आली, वाचनालयाची. अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय हे एकोणिसाव्या शतकातले. वाचनालयातले टेबल डोळ्यांपुढे आणा. वर्तमानपत्र एकच, वाचणारे वीस. पत्र कोणी घरी नेत नाही, त्यावर कोणी शाई चालवत नाही. वाचायची मुभा सर्वांना, बदलायची कोणालाच नाही. संगणकाच्या भाषेत याला 'फक्त वाचण्याची परवानगी' म्हणतात. ही कल्पना यंत्राने शोधलेली नाही. आपल्या आजोबांनी ती वाचनालयाच्या बाकावर बसून पाळली आहे.

आणि तिसरी गोष्ट तारेची. खामगाव त्या वेळी अकोला जिल्ह्यात होते आणि तिथला कापसाचा बाजार मोठा. १८७० साली खामगावला आगगाडीचा फाटा पोचला. त्याच वर्षी मुंबईहून एडन आणि सुएझमार्गे विलायतेपर्यंत समुद्राखालून तार जोडली गेली. खामगावचा भाव लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याला कळू लागला आणि तिथली मागणी इथे. पण तारेत आणि वाचनालयाच्या टेबलात मोठा फरक आहे, तो ध्यानात ठेवा. तार नक्कल पाठवते. ती सकाळी निघाली आणि दुपारी भाव फिरला, तर तिकडे सकाळचाच भाव राहतो. टेबलावर मात्र एकच पत्र सगळे पाहतात. संगणकाचा इतिहासही याच दोन वाटांनी गेला. आधी नक्कल पाठवण्याची वाट, मग एकाच वहीत पाहण्याची.

१९६९ चा ऑक्टोबर महिना घ्या. २० तारखेला अकोल्याला कृषी विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला आपण डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाने ओळखतो. त्यानंतर नऊच दिवसांनी, २९ तारखेला, अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात एका विद्यापीठातला संगणक शेकडो मैलांवरच्या दुसऱ्या संगणकाशी तारेने बोलला. 'लॉगिन' हा शब्द पाठवायचा होता. दोन अक्षरे गेली आणि यंत्र बंद पडले! पण वाट उघडली. त्या जाळ्याचे नाव आर्पानेट. आजच्या इंटरनेटचे ते पूर्वज.

संगणक बोलू लागले. पण एकावरचा कागद दुसऱ्यावर न्यायचा कसा? प्रत्येक यंत्राची भाषा वेगळी. याचे नियम ज्याने पहिल्यांदा लिहून काढले, तो माणूस आपल्याकडचा. अभय भूषण त्यांचे नाव. कानपूरच्या आय.आय.टी.च्या पहिल्या तुकडीचे ते विद्यार्थी. पुढे अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये शिकायला गेले. १९७१ च्या एप्रिलमध्ये त्यांनी फाइल एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेण्याचे नियम मांडले. तेच फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल. पण तीही नक्कलच होती. तारेसारखी, फक्त फार मोठी आणि फार वेगवान.

एकाच कपाटात सगळ्यांनी पाहण्याची युक्ती पसरली ती गरजेपोटी, आणि गरज होती पैशाची. १९८३ साली आय.बी.एम. कंपनीच्या लहान संगणकात जी तबकडी मिळे, तिच्यात दहा मेगाबाईट मजकूर मावे. आज फोनने काढलेले दोन-तीन फोटो तिच्यात मावले तर नशीब. तरी ती तबकडी इतकी महाग, की कचेरीतल्या प्रत्येक टेबलावर ठेवणे परवडत नसे. दहा घरांनी दहा विहिरी खणण्यापेक्षा एक खणावी, तसा विचार झाला. एका संगणकात मोठी तबकडी बसवायची, बाकीचे तारेने त्याला जोडायचे. ती तार आधी तयार होती. इमारतीतल्या इमारतीत संगणक जोडायची इथरनेट नावाची पद्धत रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली झेरॉक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत काढली होती. मग नॉव्हेल कंपनीने १९८३ मध्ये, सन कंपनीने १९८४ मध्ये आपापल्या रीतीने सामाईक कपाटाची व्यवस्था केली. आय.बी.एम.मधले बॅरी फायगेनबॉम यांनी एक रीत बसवली, तिला एस.एम.बी. म्हणतात. पुढे मायक्रोसॉफ्टने तीच उचलली आणि तिचे सुधारलेले रूप आजच्या बहुतेक कचेऱ्यांतून चालते.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. ही रीत कंपन्यांच्या यंत्रांपुरती होती. ऑस्ट्रेलियातला अँड्र्यू ट्रिजेल नावाचा विद्यार्थी १९९२ च्या सुमारास तिच्या मागे लागला. दोन यंत्रे काय बोलतात ते तारेवर ऐकत ऐकत त्याने त्यांची भाषा ओळखली आणि तशीच व्यवस्था स्वतः लिहून सर्वांना फुकट दिली. नाव शोधायला त्याने शब्दकोशात एस, एम, बी ही अक्षरे ओळीने येणारा शब्द हुडकला. निघाला 'सांबा'. शब्द ब्राझीलच्या नाचाचा; पण आपल्याकडचा माणूस ऐकून म्हणेल, "सांब म्हणजे महादेवच की बाप्पा!"

आता प्रत्यक्ष जोडणी. शिक्षकांनी इथे जरा कान द्यावा. कागद-पेन्सिल घेतलीत तरी चालेल.

पहिली गोष्ट, सगळे संगणक एकाच जाळ्यात हवेत. तारेने जोडा नाहीतर वायफायने. पण डबी एकच हवी. एक संगणक शाळेच्या डबीवर आणि दुसरा कोणाच्या मोबाईलच्या इंटरनेटवर असेल, तर ते दोघे एकमेकांना दिसणार नाहीत. निम्मी तक्रार इथेच मिटते.

दुसरी गोष्ट, कपाट कोणते ते ठरवा. एका संगणकावर एक फोल्डर करा आणि ते इतरांसाठी खुले करा. त्या संगणकाला एक साधे नाव द्या. 'कचेरी' म्हणा हवे तर.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कोण वाचेल आणि कोण लिहील ते आधी ठरवा, मग यंत्राला सांगा. प्रत्येक माणसाला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्या. वर्गशिक्षक आपल्या वर्गाच्या पानात लिहील, बाकीची पाने नुसती वाचील, असेही करता येते.

चौथी गोष्ट, दुसऱ्या संगणकावर पत्ता लिहायचा. आधी दोन उलट्या तिरप्या रेघा, मग कपाट ज्या संगणकात आहे त्याचे नाव, मग एक उलटी रेघ, मग फोल्डरचे नाव. गाव, मग गल्ली, असे. या पत्त्याला एक अक्षर चिकटवतात. जुन्या संगणकात 'ए' आणि 'बी' ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून आतली तबकडी 'सी' झाली. फ्लॉपी गेली, पण 'सी' तसेच राहिले. सामाईक कपाटाला बहुधा शेवटाकडचे 'झेड' किंवा 'वाय' देतात, म्हणजे गल्लत होत नाही. संगणक पुन्हा सुरू केल्यावर जोडणी आपोआप व्हावी, अशी खूण करायची सोय तिथेच असते; ती खूण करा. की झाले. तुमच्या टेबलावरच्या यंत्रात एक नवे दार दिसू लागते, आणि त्यामागे कपाट असते दुसऱ्या खोलीत.

अडचणीही सांगून ठेवतो. ज्या संगणकात कपाट आहे तो बंद असला, किंवा लाइन गेली, की सगळ्यांची दारे बंद. म्हणून तो संगणक इन्व्हर्टरवर असावा आणि शेवटी घरी जाणाऱ्यानेच तो बंद करावा. दोघांनी एकच फाइल एकदम उघडली, तर बहुधा पहिल्याच्या हाती लेखणी राहते आणि दुसऱ्याला ती नुसती वाचता येते. यात यंत्र बिघडलेले नसते. एका वहीवर दोन हात एकदम चालू नयेत, एवढेच ते पाहते. आणि कपाट एक झाले म्हणून वेगळी नक्कल नकोच, असे समजू नका. रोजच्या कामाची वही एकच असावी. पण आठवड्यातून एकदा तिची नक्कल काढून, तारीख घालून, जाळ्याबाहेर कुलपात ठेवावी. नक्कल दुरुस्तीसाठी नव्हे, आगीपुरासाठी.

आणि चोरासाठीही. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा एक विषाणू जगात सुटला. तो घुसला तो याच एस.एम.बी. पद्धतीच्या जुन्या, दुरुस्त न केलेल्या दारातून. दीडशेहून अधिक देशांतले दोन लाखांवर संगणक त्याने कुलूपबंद केले आणि किल्लीसाठी खंडणी मागितली. इंग्लंडात दवाखान्यांची कामे अडली. त्या दाराची दुरुस्ती दोन महिने आधीच निघाली होती. अनेकांनी ती केली नव्हती, एवढेच. बांधाला पडलेले भगदाड वेळेवर बुजवले नाही, तर पाणी कोणाच्या शेतात शिरेल ते सांगता येत नाही. सामाईक बांधाचे तर मुळीच नाही.

आता पुन्हा जमिनीकडे येऊ, कारण आपल्यासाठी खरा प्रश्न तिथे आहे. १९८८-८९ साली जमिनीची दप्तरे संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारने देशातल्या आठ जिल्ह्यांत सुरू केली. महाराष्ट्रातून वर्धा जिल्हा निवडला होता. अमरावतीहून नदी ओलांडली की वर्धाच. हळूहळू सगळ्या राज्याचे सातबारे संगणकात गेले. आधी तालुक्या-तालुक्याच्या संगणकात, पुढे मोठ्या सामाईक कपाटात. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला. फेरफाराची पद्धतही पाहा. तलाठी नोंद घालतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीला मुदत असते आणि मंडळ अधिकारी ती नोंद मंजूर करतो. वाचणार सगळे, लिहिणार एक, मंजूर करणार दुसरा. शाळेच्या कपाटासाठी जो नियम सांगितला, तोच.

पण एक गोष्ट विसरून चालणार नाही. कपाट एक झाले म्हणजे चूकही एकच होते, आणि तीच सगळीकडे दिसते. जुन्या काळी एका दप्तरातली चूक दुसऱ्या दप्तराने पकडता येई. आता पडद्यावर जे आहे तेच खरे, असे माणसे धरून चालतात. हस्तलिखितावरून संगणकात घालताना कोणाचे नाव गळले, कोणाचे आणे-पै चुकले, कोणाच्या विहिरीचा हिस्सा राहून गेला. म्हणूनच २०१७ साली राज्यात सातबाऱ्यांचे चावडी वाचन झाले. पडद्यावरचा मजकूर गावापुढे मोठ्याने वाचायचा आणि ज्याचे त्याने ऐकून सांगायचे, बरोबर की चूक. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. इतके मोठे जाळे, इतकी यंत्रे. आणि शेवटची तपासणी कोणाकडे? चावडीवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या कानाकडे. "थांबा जी, ते एक हेक्टर नाई. आमच्या बापानं अर्धं इकलं होतं," असे तो म्हणाला, की यंत्राला ऐकावे लागते.

परवानगी नुसती कागदावर असून भागत नाही, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली ठराव करून तळे सर्वांना खुले केले. पण अस्पृश्यांना ते पाणी घेता येत नव्हते. १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारो लोकांसह तिथे जाऊन ओंजळ भरावी लागली, तेव्हा 'सामाईक' या शब्दाला अर्थ आला. दप्तर सर्वांचे आहे असे सरकार म्हणते. पण ज्या बाईला पडदा वाचता येत नाही, ज्याच्या गावात जाळे पोचत नाही, त्याच्यासाठी ते आजही रुमालात बांधलेलेच आहे. मोडी गेली, पासवर्ड आला. गाठ तीच राहिली, तर आपण काय मिळवले?

म्हणून गावातल्या गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती आहे. शाळेतले कपाट नीट जोडा. नावे आणि परवानग्या लिहून भिंतीला लावा. मग वर्षातून एकदा, शाळा सुरू होताना, पालकांना बोलवा आणि प्रत्येक मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख मोठ्याने वाचा. शाळेचेही चावडी वाचन होऊ द्या. अर्धा दिवस जाईल. पण पुढे कोणाला दोन कागद घेऊन दारात उभे राहावे लागणार नाही.

त्या दिवशी काय झाले ते सांगून थांबतो. बाबूंनी जुने जनरल रजिस्टर काढले. धूळ झटकली. मुलीचे नाव सापडले. शाईने लिहिलेली तारीख जूनमधली होती. मुख्याध्यापकांनी तिन्ही संगणकांवरची यादी त्या रजिस्टराशी ताडून पाहायला लावली. आणखी चार मुलांच्या तारखा चुकलेल्या निघाल्या. दुसऱ्या दिवशी अर्ज गेला. आठवड्याने तिघांचे मिळून एक कपाट झाले. शेतकऱ्याने नवा दाखला हातात घेतला, वाचायला मुलीपुढे धरला आणि विचारले, "बरोबर हाये का वं?" मुलीने वाचून मान हलवली. मगच त्याने तो घडी करून खिशात ठेवला.